रोज ३१ डिसेंबर

(संध्याकाळ. तळ्यात पांढरी आगबोट. डेकवरचे दिवे एकेक करून लागतात.)

ही आगबोट कधी कुठे गेलीच नाही. तिच्या पोटाखाली काँक्रीटचा पाया आहे. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १ मे १९७७ ला ती उपाहारगृह म्हणून उघडली, तेव्हा तिचं नाव होतं ‘एम्प्रेस लिली’. वॉल्ट डिस्ने यांच्या पत्नी लिलियन, त्यांच्यावरून ठेवलेलं. आता पाटी ‘पॅडलफिश’ची आहे.

बरोबर बारा वर्षांनी, १ मे १९८९ ला, या बोटीला लागून असलेल्या बेटावर एक नवी वस्ती उघडली. मोठ्या माणसांची आणि रात्रीची. प्लेझर आयलंड.

(पूल. माणसं दोन्ही बाजूंनी येतायत-जातायत.)

हा पूल नीट बघून ठेवा.

(जुन्या माहितीपत्रकाची पानं, सावकाश.)

इथे विटा रचण्याआधी गोष्ट रचली गेली. ती अशी.

मेरीवेदर ॲडम प्लेझर नावाचा एक हरहुन्नरी माणूस १९११ साली या बेटावर आला. त्याने शिडाच्या कापडाचा कारखाना काढला. धंदा फळला. मग घर झालं, गोदामं झाली, हौसेखातर फटाक्यांचा कारखानासुद्धा झाला. देशोदेशीहून आणलेली पुस्तकं, मुखवटे आणि चित्रविचित्र वस्तू ठेवायला त्याने वेगळी इमारत बांधली. १९४१ मध्ये तो अंटार्क्टिकाच्या सफरीवर निघाला आणि समुद्रात नाहीसा झाला. मागे हेन्री आणि स्टुअर्ट हे दोन मुलगे. त्यांनी धंदा पार धुळीला मिळवला. १९५५ मध्ये कॉनी वादळ आलं आणि बेट ओस पडलं. पुढे कितीतरी वर्षांनी डिस्नेच्या माणसांना हे पडीक बेट सापडलं. त्यांनी ते झाडूनपुसून साफ केलं आणि एकेका गोदामात एकेक क्लब मांडला.

यातलं काहीही घडलेलं नाही. असा माणूस झाला नाही. सहा एकरांचं हे बेटसुद्धा माणसांनीच केलेलं. कॉनी वादळ तेवढं खरं, पण ते धडकलं होतं उत्तर कॅरोलायनाला. तरीही इमारतींवर या इतिहासाच्या पाट्या होत्या, एखाद्या संरक्षित वास्तूवर असाव्यात तशा. आणि नुसत्या पाट्याच नव्हत्या. नाचायची जागा गोदामासारखी का, जेवणाचं ठिकाण फटाक्यांच्या कारखान्यासारखं का, याचं उत्तर त्या गोष्टीत असायचं. दारू विकायच्या जागेसाठी एवढी मेहनत कुणी घेतली होती, हे आज सांगितलं तर पटत नाही. म्हणून सगळं सांगितलं.

(ऑरलँडो शहर. रेल्वेरुळालगतच्या जुन्या विटांच्या इमारती.)

या खटाटोपाचं कारण इथे आहे. ऑरलँडो शहरात बॉब स्नो या गृहस्थांनी १९७४ पासून जुन्या इमारतींमध्ये ‘चर्च स्ट्रीट स्टेशन’ उभं केलं होतं. दिवसभर डिस्नेत फिरलेले पाहुणे संध्याकाळी गाडी काढून इकडे गाण्याबजावण्याला यायचे. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख मायकल आइसनर यांना ही रात्रीची गिऱ्हाइकं आपल्याच हद्दीत हवी होती.

(छायाचित्रं: क्लबांच्या निऑन पाट्या. रस्त्यावरचं स्टेज. कागदी चुरा.)

‘मॅनेक्विन्स’मध्ये नाचायची फरशीच फिरायची, आपल्या नाटकातल्या फिरत्या रंगमंचासारखी. ‘कॉमेडी वेअरहाऊस’मध्ये प्रेक्षकांनी एखादा शब्द द्यायचा आणि नटांनी त्यावर जागच्या जागी प्रसंग उभा करायचा. ‘८ट्रॅक्स’मध्ये सत्तरच्या दशकातली गाणी. आणि बाहेर रस्त्यावर, १९९० पासून, रोज रात्री नववर्ष साजरं व्हायचं. रोज उलटी मोजणी, रोज आतषबाजी, रोज ३१ डिसेंबर. हे चाललं २००५ च्या खऱ्याखुऱ्या ३१ डिसेंबरपर्यंत.

(मुखवट्यांनी भरलेली भिंत, जुनं छायाचित्र. कॅमेरा हळूहळू जवळ.)

आणि हा ‘ॲडव्हेंचरर्स क्लब’. याच्यावर थोडं थांबायला हवं.

आत शिरलं की साल १९३७. भिंतीभर मुखवटे, पेंढा भरलेले प्राणी, प्रवाशांच्या तसबिरी. पुढे ‘ॲनिमल किंगडम’ हे उद्यान घडवणारे जो रोडी ज्यांनी हा क्लब कल्पिला त्यांच्यापैकी एक. इथे रंगमंच आणि प्रेक्षागृह अशी फाळणीच नव्हती. तुम्ही बारपाशी बसलेले, आणि शेजारी येऊन उभी राहिलेली बाई क्लबची अध्यक्ष निघायची. बटलर तुमची चौकशी करायचा. भिंतीवरचा कर्नल मध्येच बोलायला लागायचा, मुखवटे डोळे फिरवायचे. काही स्टुलं अशी होती की बसलेला माणूस बोलता बोलता खाली खाली जायचा आणि त्याला ते कळायचंही नाही. अभिवादनाचा शब्द एकच, ‘कुंगालूश!’ कुणीतरी ओरडायचं आणि सगळं घर तोच शब्द परत द्यायचं.

बतावणीत सोंगाड्या समोरच्या गावाचं, माणसाचं नाव घेऊन विनोद करतो तेव्हा तो विनोद त्याच रात्रीचा असतो, उद्याच्या गावाला वेगळा. इथल्या नटांचं काम त्याच जातीचं होतं. रात्री पाच-सहा तास, तुमच्यापासून हातभर अंतरावर. याचं चित्रीकरण पाहून त्याची चव कळत नाही, म्हणून इथे छायाचित्रंच दाखवली आहेत.

(पुन्हा पूल.)

आता तो पूल. सुरुवातीची वर्षं बेट म्हणजे रस्त्याचं शेवटचं टोक होतं. ज्याला तिथे जायचं असेल तोच जायचा, आणि संध्याकाळनंतर तिकीट काढून जायचा. १९९७ मध्ये पलीकडे ‘वेस्ट साइड’ उघडलं, सगळ्या परिसराला ‘डाउनटाउन डिस्ने’ नाव मिळालं आणि बेट अचानक मधोमध आलं. या दुकानातून त्या दुकानात निघालेल्या, मुलांना घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या वाटेत हे तिकिटाचं फाटक यायला लागलं. १९९९ मध्ये ऑरलँडोतल्याच प्रतिस्पर्धी युनिव्हर्सलने रात्रीच्या करमणुकीसाठी स्वतःचं ‘सिटीवॉक’ काढलं. मग २००४ मध्ये रस्त्यावरचं तिकीट गेलं, क्लबांचं तेवढं राहिलं. फाटक गेलं आणि बेट म्हणजे जायची-यायची वाट झाली. माझ्या मते बेट संपलं ते इथे. आतषबाजी पुढच्याच वर्षी थांबली, रस्त्यावरचं स्टेजही गेलं.

२७ सप्टेंबर २००८, शनिवार. क्लब एकाच रात्री बंद झाले. नट, वादक, डीजे, बारवर काम करणारे, सगळ्यांचं रोजचं काम त्या रात्री थांबलं.

(अंधाऱ्या खिडक्या. बंद दारं. निवेदन नाही.)

लेहमन ब्रदर्स या बड्या अमेरिकी बँकेचं दिवाळं वाजून तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘हायपेरियन व्हार्फ’ नावाची योजना जाहीर झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा वाटावा असा बोटींचा धक्का, हजारो दिवे, नवी उपाहारगृहं. ती कागदावरच राहिली. बेटाचं करायचं काय, हे ठरायला मार्च २०१३ उजाडला.

(स्वच्छ विटांचे रस्ते, कारंजी. पाण्यात उतरणारी मोटार.)

२९ सप्टेंबर २०१५ पासून हे ‘डिस्ने स्प्रिंग्ज’. बेटाच्या जागेला आता ‘द लँडिंग’ म्हणतात. ही मोटार पाण्यात उतरते आणि बोटीसारखी चालते. लोक दिवसभर धक्क्यावर उभे राहून बघतात. ‘मॅनेक्विन्स’च्या इमारतीत ‘मोरिमोटो एशिया’ आहे आणि तिथलं जेवण खरोखर उत्तम आहे.

या जागेलाही गोष्ट आहे. झऱ्याभोवती वसलेलं जुनं फ्लोरिडी गाव, १९२०च्या दशकातलं वीजघर, वगैरे. मेरीवेदर प्लेझरचा बनवलेला इतिहास पुसून त्यावर दुसरा बनवलेला इतिहास लिहिला गेला. दोन्हींच्या मध्ये १९८९ ते २००८ अशी एकोणीस वर्षं आहेत. ती कुणी रचलेली नाहीत, तिथे खरी माणसं रोज रात्री कामाला येत होती. त्यांची पाटी आम्हाला कुठे दिसली नाही. ती इथे लागावी, असं मला मनापासून वाटतं.

(आयरिश पब. लाकडी फळ्यांवर नाचणारे पाय, जवळून.)

‘रॅग्लन रोड’. जुन्या जॅझ क्लबच्या जागेत २००५ मध्ये उघडलेला हा पब बेट बंद झालं तरी बंद झाला नाही. वाद्यं खरी, नर्तक खरे, घाम खरा. थोड्या अंतरावर डिस्नेच्याच ‘बोर्डवॉक’ या हॉटेलपाशी ‘जेलीरोल्स’ होतं, समोरासमोर दोन पियानो आणि प्रेक्षकांच्या फर्माइशी. १९९६ पासून चालू होतं. २०२५ मध्ये तेही बंद झालं. मोठ्यांनी रात्री जागावं, गावं, नाचावं यासाठी डिस्ने पुन्हा एखादं बेट उभं करेल का? परिसरात जागा पुष्कळ आहे. पण जेवणाच्या टेबलावर एका संध्याकाळी तीन कुटुंबं बसून उठतात, आणि नटाला प्रत्येक रात्रीचा पगार द्यावा लागतो.

(रात्र. पूल. पिशव्या घेतलेली माणसं गाडीतळाकडे. एक बाप झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन चाललाय.)

बाराला पाच मिनिटं आहेत. स्टेज इथेच, या वळणापलीकडे होतं. उलटी मोजणी सुरू व्हायची ती याच सुमाराला.

(पुढचं दृश्य मूळ आवाजासह, बारा वाजेपर्यंत.)