बोटांना पाठ

(पडद्यावर फक्त माउसचा बाण. तो सरळ डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात जातो. थांबतो. जागच्या जागी घुटमळतो.)

हा बाण काहीतरी शोधतोय.

सतरा वर्षं या कोपऱ्यात एक बटण होतं. २४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आलं आणि त्याच्याबरोबर 'स्टार्ट' आलं. काहीही करायचं असलं की आधी त्या कोपऱ्यात जायचं. संगणक बंद करायलासुद्धा 'स्टार्ट'च दाबायचं, यावर लोकांनी वर्षानुवर्षं विनोद केले आणि विनोद करत करत तेच दाबत राहिले. मग २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आलं. बटण गायब.

खरं तर कोपरा अजून काम करत होता. बाण अगदी टोकाला नेला की सुरुवातीचा पडदा उघडायचा. फक्त तिथे काही दिसत नव्हतं. संगणक बंद करायचा तर बाण उजवीकडच्या कोपऱ्यात न्यायचा, मग लपलेली पट्टी सरकत बाहेर येणार, तिच्यात सेटिंग्ज, सेटिंग्जमध्ये पॉवर. पंधरा-पंधरा वर्षं संगणक वापरलेली माणसं तो बंद कसा करायचा, हे एकमेकांना विचारू लागली.

पुढची गंमत ऐका. स्टारडॉक नावाच्या कंपनीने ते बटण विकायला काढलं. नाव 'स्टार्ट८', किंमत पाच डॉलरच्या आत. लोकांनी पैसे मोजून आपलं बटण परत आणलं.

(बाण स्थिर. शांतता.)

आदल्या दिवशी या बटणाची किंमत विचारली असती, तर लोक हसले असते. बटणाला कसली किंमत? पण ते गेल्यावर खिशात हात गेला. डेस्कटॉपवरच्या सॉफ्टवेअरबद्दल लोक काय बोलतात, हे ऐकायला बसलं की दोन वाक्यं सतत कानावर येतात. एक : 'याचं डिझाइन बिघडवून ठेवलंय.' दुसरं : 'याचे पैसे वसूल होत नाहीत.' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, असं समजून कंपन्या दोन वेगळ्या बैठका घेतात. मला ती एकच तक्रार वाटते. वर्षं घालून बोटांनी जे पाठ केलं, त्याला हात लावू नका, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

(हिरव्या अक्षरांचा जुना पडदा. उभे-आडवे रकाने.)

१९७९. व्हिजिकॅल्क. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी ॲपल टूसाठी केलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर. फळ्यावरच्या हिशेबातला एक आकडा चुकला की त्याच्यापुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात. ब्रिकलिन यांना ते टाळायचं होतं. एक आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतील. हे पाहून लोकांनी सॉफ्टवेअरसाठी संगणक विकत घेतला, आणि संगणक सॉफ्टवेअरच्या कितीतरी पट महाग होता. इथे कुणाला मत विचारायची गरजच पडली नाही.

पण आपल्या गोष्टीत महत्त्वाचा आहे तो रकान्यांचा पत्ता. आडवी अक्षरं, उभे आकडे. ए-१, बी-२. आज कुठलंही स्प्रेडशीट उघडा, पत्ता तोच. व्हिजिकॅल्क गेलं, त्याच्या जागी १९८३ मध्ये लोटस १-२-३ आलं, लोटसला एक्सेलने मागे टाकलं, पण पत्ता कुणी बदलला नाही. लोटसमध्ये तिरकी रेघ दाबली की मेन्यू यायचा. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये आजही ती दाबून बघा, वरच्या पट्टीवर अक्षरं उमटतात. लोटसच्या कॅलेंडरात एक चूक होती : १९०० हे लीप वर्ष नसताना ते लीप धरलं होतं. एक्सेलने तीही उचलली. जाणूनबुजून. २९ फेब्रुवारी १९०० हा जगात कधीच न उजाडलेला दिवस एक्सेलमध्ये अजून आहे. लोकांच्या जुन्या फायली त्या चुकीसकट बरोबर चालत होत्या. चूक दुरुस्त केली असती तर त्या बिघडल्या असत्या.

(वर्ड २००३. टूलबार एकाखाली एक उघडत जातात. लिहायचा कागद चिमूटभर उरतो.)

आता उलट बाजू. सवयी जपत गेलं की काय होतं? वर्ड २००३ मध्ये ३१ टूलबार होते आणि बाजूला उघडणाऱ्या पट्ट्या १९. दर आवृत्तीत काहीतरी नवं घातलं, काढलं काहीच नाही. माळा भरत गेला. मायक्रोसॉफ्टने परवानगी दिलेल्या वापरकर्त्यांकडून आकडे गोळा केले, तेव्हा दिसलं ते असं : पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड या पाच आज्ञांमध्येच वर्डचा सुमारे ३२ टक्के वापर संपतो. एकटं पेस्ट ११ टक्क्यांहून जास्त.

हे ऐकून वाटेल की मग पाच बटणं ठेवा आणि बाकी फेकून द्या. गोम तिथेच आहे. पाच सगळ्यांची सारखी. सहावं मात्र प्रत्येकाचं वेगळं. कुणाला तळटीप लागते, कुणाला पाकिटावर पत्ता छापायचा असतो. आणि माणूस सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे ठरवतो त्या सहाव्यावरून.

मग आली २००७ ची 'रिबन'. मेन्यू गेले, टूलबार गेले, सगळं एका रुंद पट्टीत, कामाप्रमाणे गटागटाने. ओरड झाली. जुना मेन्यू परत आणून देणारी जोडसॉफ्टवेअरं विकली गेली. पण ही पट्टी टिकली, आणि ती का टिकली याचं एक कारण पडद्यावर दिसतच नाही. एक्सेलमध्ये कीबोर्डवर ऑल्ट, मग ई, मग एस, मग व्ही, ही 'फक्त आकडे पेस्ट कर' अशी जुनी वाट. ज्या मेन्यूतून ती जायची तो मेन्यू नाहीसा झाला, तरी वाट चालू ठेवली. हिशेबनिसांची बोटं आजही तिथूनच जातात. घर पाडलं, पण उंबरा तसाच राहू दिला.

(कागदी कात्रण उलटल्यासारखा आवाज.)

जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन या आयबीएममधल्या दोन संशोधकांनी १९८७ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती. वापरणारा माहितीपुस्तिका वाचत नाही, थेट काम सुरू करतो. आणि काम होण्यापुरती एखादी वाट सापडली की तीच धरून ठेवतो, शेजारी जवळची वाट असली तरी. बाहेरून हा आळस वाटतो. पण समोरचा माणूस पत्र लिहायला बसलेला असतो, सॉफ्टवेअर शिकायला नाही.

जॉर्ज आर. आर. मार्टिन हे कादंबरीकार डॉस या विंडोजच्याही आधीच्या प्रणालीवर चालणाऱ्या वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात, हे त्यांनी २०१४ मध्ये टीव्हीवर सांगितलं तेव्हा हशा पिकला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : मी लहान अक्षर टाइप केलं, की ते आपोआप मोठं व्हायला नको. ऑफिस ९७ मधली ती डोळे फिरवणारी क्लिप आठवते? पत्र लिहायला घेतलं की मदतीला धावून यायची. २००१ मध्ये खुद्द कंपनीच्याच जाहिरातींनी तिची टिंगल केली. तिच्याबद्दल एवढं पुरे.

(व्हिडिओ संकलनाची टाइमलाइन. तुकडे एकमेकांना चिकटतात.)

जून २०११. ॲपलने फायनल कट प्रो टेन आणलं. आधीचा संच ९९९ डॉलरला होता, हे २९९.९९ ला. किंमत एक तृतीयांश. आत सगळं नव्याने लिहिलेलं, वेगवान. मधला तुकडा काढला की बाकीचे आपोआप सरकून फट बुजवणारे. कुणीही म्हणेल, सोन्याहून पिवळं.

संकलक खवळले. सह्यांची मोहीम निघाली. कारण काय? आधीच्या आवृत्तीत केलेले प्रकल्प नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नव्हते. अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र कापायची सोय नव्हती. दुसऱ्या माणसाकडे ध्वनीचं काम सोपवायच्या नेहमीच्या वाटा बंद होत्या. आणि जुनं विकायचंही बंद केलेलं. ज्याचं पोट या सॉफ्टवेअरवर आहे, त्याला सातशे डॉलर वाचल्याचं काय कौतुक? त्याची पाच वर्षांची कामं कुलुपात गेली होती. ॲपलने पुढच्या महिन्यांत बहुतेक सोयी परत आणल्या, जुन्याची विक्रीही मोठ्या ग्राहकांपुरती पुन्हा सुरू केली. सॉफ्टवेअर पुढे चांगलं झालं, ते आवडीने वापरणारे आज पुष्कळ आहेत. पण बरेच जण तोवर दुसरीकडे गेले होते, आणि नव्या जागी बोटं रुळली की कोण परत येतंय?

(कॅलेंडरची पानं. महिन्याची तारीख.)

पैशांचा उघड प्रश्न आला मे २०१३ मध्ये. ॲडोबीने जाहीर केलं की क्रिएटिव्ह सूट, म्हणजे फोटोशॉप वगैरे सॉफ्टवेअरांचा संच, याच्या नव्या आवृत्त्या इथून पुढे विकत मिळणार नाहीत. दरमहा वर्गणी भरायची. आधी सीएस६ चा, म्हणजे सहाव्या आवृत्तीचा, सगळ्यांत मोठा संच सुमारे २,६०० डॉलरला होता. आता महिन्याला सुमारे ५०. भागाकार करा : बावन्न महिने. चार वर्षांहून जास्त. नव्याने शिकणाऱ्याला हे परवडणारं होतं, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. एवढी रक्कम एकदम टाकणं त्याच्या आवाक्यात नव्हतं.

तरी हजारोंनी निषेध केला. कंपनीने भागाकार दाखवला, लोकांचा आक्षेप मात्र वेगळाच होता. पूर्वी एखादी आवृत्ती घेऊन तिथेच थांबता यायचं. नवी आवडली नाही, घेतली नाही. 'मला एवढं पुरे' म्हणायची मुभा होती. वर्गणीत ती गेली. हप्ता थांबला की फायली आपल्याकडेच राहतात, पण ज्यात त्या धड उघडतात ती खोली बंद. घर स्वतःचं होतं, त्याच घरात भाडेकरू झाल्यासारखं.

हाच धडा जेटब्रेन्सने दोन आठवड्यांत गिरवला. प्रोग्रामरांसाठी साधनं बनवणाऱ्या या कंपनीने सप्टेंबर २०१५ मध्ये वर्गणी जाहीर केली, ओरड झाली, आणि त्याच महिन्यात नियम बदलला : सलग बारा महिने पैसे भरले की त्या काळातली एक आवृत्ती कायमची तुमची. वर्गणी राहिली, आवाज खाली आला. लोकांना थांबायला एक पायरी मिळाली.

आणि फायली दाबून लहान करणारं विनरार? चाळीस दिवस मोफत, मग खरेदी करा, असं ते सांगतं. एकेचाळिसाव्या दिवशी पुन्हा सांगतं. चालू मात्र राहतं. या सौजन्याबद्दल लोकांच्या मनात जो जिव्हाळा आहे, तो जाहिरातीवर खर्च करून मिळाला नसता.

(त्रिमितीतला करडा घन, सावकाश फिरणारा.)

फुकट सॉफ्टवेअरची बातच वेगळी. तिथे म्हणे तक्रारीला जागा नाही. पैसे दिले नाहीत ना, मग? पण बोटं तर तिथेही खर्ची पडतात.

ब्लेंडर हे त्रिमिती चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर. त्याची कंपनी बुडाली तेव्हा ती काढणाऱ्या टॉन रोझेन्डाल यांनी २००२ मध्ये गुंतवणूकदारांशी सौदा केला : एक लाख युरो घ्या, मूळ कोड सगळ्यांना खुला करू द्या. ही रक्कम सात आठवड्यांत उभी राहिली, ती वापरणाऱ्यांच्या देणग्यांतून. एखादी वस्तू फुकट व्हावी म्हणून लोकांनी पैसे दिले. किंमत या शब्दाचा याहून सरळ अर्थ मला माहीत नाही.

आणि याच ब्लेंडरला वर्षानुवर्षं एका गोष्टीवरून बोलणी बसत. जगभर डाव्या क्लिकने वस्तू निवडतात, इथे उजव्या. नवा माणूस पहिल्या मिनिटाला अडखळायचा. जुन्यांना तेच रक्तात भिनलेलं. जुलै २०१९ मध्ये २.८० आवृत्तीने डावी क्लिक नेहमीची केली, पण पहिल्यांदा उघडताना विचारलं : निवड कशाने, डाव्या की उजव्या? एक प्रश्न, आणि दोन्ही पिढ्या आत. २०२५ मध्ये ऑस्कर मिळालेला ॲनिमेशनपट ब्लेंडरमध्ये बनला. लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचानेही असंच केलं. २०१७ पासून जुने मेन्यू हवेत की पट्टी, हे ज्याचं त्याने ठरवायचं. दोन्ही सांभाळणं बनवणाऱ्याच्या डोक्याला ताप असतो, हे खरंय.

(पुन्हा पहिला पडदा. कोपरा. बाण.)

स्टार्ट बटणाचं पुढे काय झालं? ऑक्टोबर २०१३ मध्ये ८.१ आवृत्तीत ते परत आलं. दाबल्यावर मात्र तोच नकोसा पडदा उघडायचा. बटण मागितलंत, बटण दिलं. मेन्यू परत यायला २९ जुलै २०१५ उजाडला, विंडोज १० बरोबर.

मग ऑक्टोबर २०२१. विंडोज ११. बटण आहे, मेन्यू आहे, सगळं जागच्या जागी. फक्त जागा बदललीय. बटण खालच्या पट्टीच्या मधोमध आलंय. सेटिंग्जमध्ये जाऊन ते डावीकडे ढकलता येतं, ज्यांना ठाऊक आहे त्यांना.

(बाण सवयीने डाव्या कोपऱ्यात जातो. क्लिक.)

आजचं हवामान उघडलं.