कंबरेवरचे दोन हात

(पडद्यावर फक्त पाठ आणि दोन तळवे. श्वासांचा आवाज.)

चेहरा नंतर दिसेल. आधी हे हात बघा.

कळ आली की तळवे कंबरेच्या दोन्ही बाजूंना बसतात आणि आतल्या बाजूला, किंचित वर दाबत राहतात. कळ ओसरली की सैल पडतात, पण पाठीवरून उठत नाहीत. पोटातल्या बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल, तर त्याच्या डोक्याचा भार माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर येतो. मग कळ पोटात कमी आणि कंबरेत जास्त. बाहेरून असं दाबलं की ती जरा सोसवते. रात्री साडेअकराला आम्ही कॅमेरा लावला तेव्हा हे चालू होतं. अडीचला बॅटरी बदलली तेव्हाही चालू होतं. मधे नर्सची पाळी बदलली, हात तेच राहिले.

या बाई डूला आहेत, म्हणजे बाळंतपणात आईला सतत सोबत आणि आधार देणाऱ्या. शब्द मूळचा ग्रीक, अर्थ दासी. 1970च्या दशकात अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डॅना राफाएल यांनी तो नव्या आईला आधार देणाऱ्या अनुभवी बाईसाठी वापरला आणि पुढे तोच रूढ झाला. दासी हा अर्थ काही डूलांना खटकतो. खटकायलाच हवा.

डूला म्हणजे सुईण नव्हे. ती आतून तपासत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, औषध देत नाही, बाळंतपण करत नाही. ती कामं सुईणीची, नर्सची, डॉक्टरांची. हिच्या वाट्याला येतात दोन तपासण्यांमधले तास. आणि पहिलटकरणीच्या बाबतीत ते पुष्कळ असतात.

(मोठा चेंडू. त्यावर बसून डोलणारी होणारी आई.)

चेंडूवर बसली की गुडघे कंबरेपेक्षा खाली राहतात आणि ओटीपोटाला मोकळीक मिळते. थोड्या वेळाने ती ओणवी होते, चेंडूला कवटाळून. पोट खाली लोंबतं, पाठीवरचा भार उतरतो, बाळाला वळायला जागा होते. मग कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये शेंगेच्या आकाराचा चेंडू. मग उभी, नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून. दर अर्ध्या-पाऊण तासाने काहीतरी बदलतं. बदल डूला सुचवते, ठरवते ती. दोनदा ती "नको" म्हणाली आणि विषय तिथेच संपला.

दिवा मंद केलाय तो आमच्या चित्रणासाठी नाही. आम्हाला उलट त्रासच झाला. भीतीने शरीरात ॲड्रेनॅलिन वाढतं आणि कळा मंदावू शकतात. गर्भाशय आकुंचन पावतं ते ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे, आणि त्याला निवांतपणा मानवतो. म्हणून मंद दिवा, बंद दार, हळू आवाज.

(कळ. तिचा आवाज चढतो.)

"आवाज खाली आण. घशातून नको, पोटातून." ऐका, पुढच्या कळेला तो कसा उतरतो.

आता कोपऱ्याकडे बघा. नवरा मघापासून हातात पाण्याची बाटली धरून उभा आहे. डूला त्याला बोलावते, त्याचा हात आपल्या हाताच्या जागी ठेवते. "बोटांनी नको, मनगटाजवळच्या भागाने दाबा." आणि स्वतः बाजूला होते. डूला आली की नवरा उपरा होतो, असं म्हणणाऱ्यांनी ही सहा सेकंदं पाहावीत.

ग्वाटेमालातला एक अभ्यास 1980 साली प्रसिद्ध झाला. मार्शल क्लाऊस आणि जॉन केनेल हे बालरोगतज्ज्ञ त्यात होते. प्रशिक्षण नसलेली, अनोळखी बाई नुसती सतत सोबत राहिली, आणि दाखल झाल्यापासून बाळंत होईपर्यंतचा सरासरी वेळ 19.3 तासांवरून 8.8 तासांवर आला. नमुना लहान होता, 40 बायकांचा. पुढे एवढा मोठा फरक दिसला नाही. 2017 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, 17 देशांतल्या 15 हजारांहून जास्त बायका होत्या. सततची सोबत मिळालेल्यांच्या कळांचा काळ सरासरी चाळीसेक मिनिटांनीच कमी भरला, पण सिझेरियनही कमी झाली. आणि प्रत्येक बाईला तिच्या पसंतीचं माणूस सोबत असावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची 2018 ची शिफारस आहे.

(कॉरिडॉर. बाक. बाकाखाली चेंडू.)

पहाटे बाळाचे ठोके मंदावले आणि सिझेरियन करावं लागलं. दोघं सुखरूप आहेत. आत एकालाच परवानगी होती, नवरा गेला. डूला इथे बसली. पन्नास मिनिटं.

(आठ दिवसांनंतर. घर. बाळ छातीवर झोपलेलं.)

त्या रात्री डूलाने एका छोट्या वहीत वेळा टिपून ठेवल्या होत्या. बऱ्याच डूला ठेवतात, कारण कळांमधलं पुष्कळसं आईला नंतर सलग आठवत नाही. आज ती वही उघडली आहे.

"मला उलटी झाली होती ना?"

"चार वाजून दहा मिनिटांनी."

"आणि मी तुम्हाला काहीतरी बोलले."

डूला पान उलटते. "निघून जा म्हणालीस. तीन वेळा."

"मग?"

"मग तूच हात धरलास."

(दोघी हसतात. बाळ हलतं.)