एका गिल्डरचा कारखाना

(ड्रोन. खाली दाट हिरवं रान, मधूनच वर आलेले गंजके पत्रे आणि लोखंडी खांब)

हा जो झाडांनी गिळलेला सांगाडा दिसतोय ना, हा साखर कारखाना होता. गाव मारियनबुर्ग, जिल्हा कॉमेवेयना, देश सुरिनाम. नकाशात बघाल तर दक्षिण अमेरिकेच्या वरच्या काठावर, पण इथली माणसं, इथली साखर, इथलं सगळं जगणं कॅरिबियन बेटांशी जोडलेलं, आणि १९९५ पासून हा देश कॅरिकॉम म्हणजे कॅरिबियन देशांच्या संघटनेतही आहे. जवळपास तीनशे वर्षं डच लोकांची वसाहत, १६६७ पासून १९७५ पर्यंत, मध्ये काही वर्षं इंग्रजांकडे गेली तेवढी सोडली तर.

(कारखान्याच्या आत. दातेरी चाक. चाकाच्या आऱ्यांतून गेलेली वेल)

हे चाक बघा. माणूस शेजारी उभा राहिला तर चाकच उंच. याच्यावर चरक फिरायचा, ऊस इकडून आत, रस खालच्या पन्हाळीतून पुढे, चिपाड मागे बॉयलरला. हे काका इथे कामाला होते, आता कुणी बघायला आलं तर त्यांना फिरवून दाखवतात, आणि दाखवताना ते कुठेही अडखळत नाहीत. हा पाइप रसाचा, हा वाफेचा, या कढईत राब आटायची, इथे साखर वेगळी व्हायची, मळी तिकडे रमसाठी. वरचं छप्पर गेलंय, पाऊस सरळ कढईत पडतो.

पण कारखाना समजायचा तर आधी इथली जमीन समजून घ्यायला हवी.

(नदी. भरतीचं पाणी. बांध. लाकडी दरवाज्याचा क्लोजअप)

सुरिनामचा किनारा म्हणजे मुळात दलदल. भरती आली की पाणी आत घुसणार, पाऊस तर बाराही महिने आहेच. डच लोकांनी त्यांच्या देशात समुद्र हटवून जशी शेती केली तीच पद्धत इथे आणली, म्हणजे चारी बाजूंनी मातीचा बांध घालायचा, आत चर खणायचे, नदीच्या तोंडाला दरवाजा बसवायचा, ओहोटीला दरवाजा उघडून आतलं पाणी सोडायचं आणि भरतीच्या आधी बंद करायचा. हे दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं, एकही दिवस चुकवून चालणार नाही. ऐकायला हुशारीचं वाटतं आणि ते आहेच, पण ही माती खणली कुणी? आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी, फावड्याने, कमरेएवढ्या चिखलात उभं राहून. इथून बघताना हे जे सरळ रेषेतले कालवे दिसतात, पार क्षितिजापर्यंत गेलेले, ते सगळे हाताने खणलेले आहेत. सुरिनामबद्दल बोलताना आम्हाला पहिल्यांदा हे सांगायचंय, कारण देश कसा गरीब झाला हे सगळे विचारतात, आणि तो कुणाच्या मेहनतीवर उभा राहिला ते मात्र राहूनच जातं.

मारियनबुर्गचा मळा सुरू झाला १७४५ मध्ये. १ जुलै १८६३ ला डच वसाहतींमधली गुलामी कायद्याने संपली. नुकसानभरपाई मिळाली, ती मालकांना. आणि सुटलेल्या माणसांना पुढची १० वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यावरच काम करायची सक्ती. ती १० वर्षं संपली १८७३ ला. आता मळ्यावर राबणार कोण?

(जुने फोटो. जहाज. ओळीत उभी माणसं, बायकांच्या डोक्यावर पदर)

इथे आपली माणसं येतात. डचांनी १८७० मध्ये इंग्रजांशी करार केला आणि हिंदुस्थानातून मजूर न्यायची परवानगी घेतली. पहिलं जहाज लल्ला रूख, २६ फेब्रुवारी १८७३ ला कलकत्त्याहून सुटलं, जूनच्या सुरुवातीला इथे लागलं, ३९९ माणसं जिवंत पोचली. बहुतेक सगळी भोजपुरी-अवधी पट्ट्यातली, बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातली. अरकाटी नावाचे दलाल गावोगाव फिरायचे, दुष्काळाने पिचलेल्या माणसाला गाठायचे, श्रीरामाच्या देशात नेतो सांगायचे असं आजही इथे घराघरात सांगतात. १९१६ पर्यंत ६४ जहाजं आली, साधारण ३४ हजार माणसं. करार ५ वर्षांचा. धडधाकट पुरुषाला दिवसाला ६० सेंट, बाईला ४०. कामावर गेलं नाही तर तो गुन्हा, त्याला तुरुंग.

(माई-बाबांचा पुतळा, पारामारिबो. हातात बोचकं)

हा पुतळा त्यांचाच, माई आणि बाबा, राजधानी पारामारिबोत. २०२३ मध्ये दीडशे वर्षं झाली तेव्हा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू इथे आल्या होत्या.

(परत मारियनबुर्ग. गवतात बुडालेले रूळ)

हे रूळ. सुरिनाममधली पहिली रेल्वे ही, ऊस वाहायला टाकलेली, सुमारे १२ किलोमीटर. कारण १८८२ मध्ये नेदरलँड्स ट्रेडिंग कंपनीने, तीच जी डच राजाने काढली होती आणि जावा बेटावरच्या साखरेत जिचा मोठा हात होता, तिने इथे मोठा मध्यवर्ती कारखाना टाकला. आजूबाजूच्या मळ्यांचा ऊस कालव्यातून होड्यांवर आणि रुळांवरून डब्यात भरून इथे यायचा. पुढे १८९० मध्ये या कंपनीने जावाहूनच मजूर आणले, आणि १९३९ पर्यंत ३३ हजारांच्या आसपास जावानीज लोक सुरिनामला आले. म्हणून या एका गावात तुम्हाला देऊळ, मशीद, चर्च सगळं चालत जाण्याच्या अंतरावर सापडतं आणि जेवायला रोटीही मिळते आणि नासी, म्हणजे जावानीज भातही.

(स्मारक. कुणीतरी आणून ठेवलेली फुलं)

आणि हे स्मारक १९०२ मध्ये मारल्या गेलेल्या मजुरांचं. मजुरीवरून भांडण आधीपासून धुमसत होतं. मॅनेजर जेम्स मेवर, स्कॉटिश माणूस, मजुरांच्या बायकांना त्रास देतो म्हणूनही लोक खवळलेले. २९ जुलैला मजुरांनी त्याला ठार मारला. दुसऱ्या दिवशी सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, २४ माणसं गेली. सगळ्यांना एका खड्ड्यात पुरलं, वर चुना टाकला. स्मारक व्हायला २००६ उजाडलं.

आता यात एक गोष्ट नीट बघा. ऊस इथला, घाम इथला, पण कारखान्याचा ताळेबंद ॲमस्टरडॅमला. आपल्याकडे कारखाना अडचणीत आला तर सभासद चेअरमनच्या दारात जाऊन बसतात, भावासाठी रस्ता अडवतात, इथल्या माणसाने कुणाचं दार वाजवायचं होतं? युरोपात बीटची साखर स्वस्त झाली तेव्हा इथले मळे एकेक करून बंद पडले, मारियनबुर्ग मोठं होतं म्हणून टिकलं. १९६४ ला एका डच कंपनीने ते दुसऱ्या डच कंपनीला विकलं. आणि १९७४ ला, स्वातंत्र्याच्या एक वर्ष आधी, सुरिनाम सरकारला विकलं. किंमत १ गिल्डर, गिल्डर हे तेव्हाचं चलन.

एक गिल्डर! जीर्ण यंत्रं, थकलेली जमीन आणि पगाराच्या आशेवर असलेलं अख्खं गाव, हे सगळं मिळून. १९८६ मध्ये शेवटची साखर निघाली.

(शेल्फवर रमची बाटली, लेबलवर मारियनबुर्ग, ९० टक्के)

नाव बाटलीवर शिल्लक आहे.

(मोठं सरोवर. पाण्यातून वर आलेली मेलेली झाडं, हजारो)

साखर संपत होती तेव्हा दुसरा आधार होता बॉक्साइट. लाल माती, ज्यातून ॲल्युमिनियम निघतं. अमेरिकेची आल्कोआ कंपनी १९१६ पासून इथे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विमानांसाठी लागणाऱ्या बॉक्साइटचा मोठा हिस्सा या एवढ्याशा देशातून गेला. मग कंपनीला कारखान्यासाठी वीज हवी झाली, १९५८ मध्ये करार झाला आणि आफोबाकाला धरण बांधलं.

हे त्या धरणाचं पाणी. दीड हजार चौरस किलोमीटर. जंगल न तोडताच पाणी सोडलं, म्हणून झाडं अशी उभीच्या उभी वाळली, साठ वर्षं झाली तरी उभी आहेत. होडी चालवणारा प्रत्येक बुंधा ओळखून वळसा घेत जातो, वेग जरा वाढवला तर तळ फुटायचा. या पाण्याखाली गावं आहेत, गानझे नावाचं मोठं गाव होतं, त्याचं चर्चही गेलं. इथे राहायचे सामाका लोक, ज्यांचे पूर्वज मळ्यांवरून पळून जंगलात गेले, डचांशी पिढ्यान्‌पिढ्या लढले आणि १७६२ मध्ये तह करून स्वतःचं स्वातंत्र्य मिळवून बसले. डच साम्राज्याला जे जमलं नाही ते धरणाने केलं, साधारण पाच-सहा हजार लोकांना घरं सोडावी लागली. पाणी चढत असताना परदेशातून एक पथक आलं, त्यांनी बुडणाऱ्या जंगलातून १० हजारांच्या आसपास प्राणी वाचवले, त्याची मोठी वाहवा झाली. माणसांना बांधून दिलेल्या वसाहती नदीपासून लांब होत्या. वीज तारांवरून आल्कोआच्या पारानाममधल्या कारखान्याला गेली.

२०१५ मध्ये पारानाममधलं शेवटचं उत्पादन थांबलं, म्हणजे जवळपास शंभर वर्षांनी. तो निर्णयही इथे झाला नाही.

(जुनी फिल्म. झेंडा उतरतोय, दुसरा चढतोय. नंतर विमानाच्या शिडीवर माणसांची रांग)

२५ नोव्हेंबर १९७५, स्वातंत्र्य. पंतप्रधान हेंक आरोन यांना ते हवंच होतं, हॉलंडच्या सरकारलाही वसाहत लवकर सोडायची होती, हिंदुस्थानी समाजाचे नेते जगरनाथ लच्छमन मात्र शेवटपर्यंत थांबा थांबा म्हणत होते. लोकांच्या हातात तोपर्यंत डच पासपोर्ट होता, तो स्वातंत्र्याच्या दिवशी बदलणार होता, म्हणून ज्याला जमलं त्याने घर विकलं, गाय विकली, तिकीट काढलं. देशाची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या घरात, आणि त्या एका वर्षात गेले जवळपास ४० हजार. पुढे ५ वर्षं हॉलंडमध्ये स्थायिक व्हायची सवलत होती, ती १९८० ला संपत आली तेव्हा पुन्हा झुंबड, दोन वर्षांत आणखी ३० हजारांवर. १९८० च्याच फेब्रुवारीत लष्करातल्या देसी बाउटर्से आणि त्याच्या साथीदार सार्जंटांनी सत्ता घेतली, १९८२ च्या डिसेंबरमध्ये १५ विरोधकांना गोळ्या घातल्या, हॉलंडने मदत थांबवली, १९८६ पासून आतल्या भागात यादवी. शिक्षक, नर्स, मेकॅनिक, गेले ते गेलेच. आज हॉलंडमध्ये साडेतीन लाखांवर लोक मूळचे सुरिनामचे, आणि खुद्द सुरिनाममध्ये सगळे मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास.

अशीच गोष्ट आसपासही आहे. त्रिनिदादची सरकारी कारोनी कंपनी २००३ ला बंद, सेंट किट्सची साखर २००५ ला, गयानाचे काही मळे २०१६ आणि २०१७ ला. तिथली माणसं लंडन, न्यूयॉर्क, टोरोंटोला.

(हेगचा बाजार. थंडी, लोकांच्या अंगावर जाड जॅकेट, गाड्यावर कारली)

हे हेग. डच सरकार या शहरात बसतं. बाजारात कारली, लांब चवळीच्या शेंगा, लवंगी नाही पण तितकीच जहाल पिवळी मिरची, रोटीची दुकानं, भजनाची पोस्टरं. ही आजी भाव करताना डच बोलते, पैसे मोजताना सरनामी, म्हणजे सुरिनामच्या हिंदुस्थानी लोकांची बोली, आणि ऐकत राहिलं की त्यातलं बरंचसं आपल्याला कळतं, हिंदीशी एवढं जवळचं आहे.

(कार्गोचं दुकान. खोक्यांना चिकटपट्टी मारतायत)

आणि ही खोकी. तेल, साबण, डायपर, डब्यातलं अन्न, औषधं, वह्या. जहाजाने पारामारिबोला जातात. एकेकाळी हॉलंडच्या बंदरांमध्ये सुरिनामची साखर आणि कॉफी उतरायची.

(पारामारिबो. पांढरी लाकडी घरं, एकाची गॅलरी कोसळलेली)

पारामारिबोचा हा जुना भाग २००२ पासून जागतिक वारशात आहे. घरं सुंदर, आणि त्यातली कित्येक अशी पडतायत. मालक मेला, वारस दहा-बारा, निम्मे हॉलंडात, वाटणी कधी झालीच नाही, सह्या कोण गोळा करणार? खेड्यातल्या जमिनींचंही तेच, चरांमध्ये गाळ भरलाय, दरवाजे कुजलेत, आणि एका वावराचा बांध गेला की शेजारच्याचंही भात पाण्यात.

(समुद्र. दूरवर जहाज)

आता समुद्रात तेल सापडलंय. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या टोटाल एनर्जीजने १०.५ अब्ज डॉलरचा प्रकल्प मंजूर केला, ग्रानमोर्गु त्याचं नाव, २०२८ ला पहिलं तेल निघेल असं सांगतात, दिवसाला २ लाख २० हजार बॅरल. फरक एवढाच आणि तो मोठा आहे, की यात स्टाट्सओली या सरकारी कंपनीने २० टक्के वाटा घेतलाय. स्टाट्सओली १९८० ची, सुरिनामी इंजिनियरांनी किनाऱ्यालगतच्या दलदलीत छोट्या विहिरींपासून उभी केलेली, आणि हा वाटा विकत घ्यायला तिने बाँड काढून पैसे उभे केले. साखर जोरात होती तेव्हा असा वाटा इथल्या लोकांना कधी मिळाला नाही, बॉक्साइटमध्येही नाही. उरलेले ८० टक्के बाहेरचे आहेत. मारियनबुर्गच्या काकांना आम्ही तेलाबद्दल विचारलं, तर त्यांनी उलट आम्हालाच विचारलं की त्या प्लॅटफॉर्मवर काम करायला पोरं कुठून आणणार आहेत.