तिकिटावरचं एक अक्षर

(दृश्य: चिकलठाणा विमानतळ, पहाटेचा अंधार. बाहेर दोन जीपा उभ्या, सोडायला आलेली माणसं.)

संभाजीनगरच्या विमानतळावर पहाटेच्या वेळी जरा उभं राहून बघा, जाणारा एक असतो आणि सोडायला दहा जण आलेले असतात, कुणी जालन्याहून, कुणी पैठणहून, कुणाच्या हातात धपाट्याचा डबा. जाणारा वाळूजच्या कंपनीतला इंजिनिअर असतो नाहीतर पोरीच्या बाळंतपणाला परदेशी निघालेली आई. आणि त्या घोळक्यात एक जण हमखास सांगत असतो की अहो काउंटरवर गोड बोला, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणा, जरा कोट घाला, पुढची मोठी सीट फुकट देतेत.

मला पण लहानपणापासून असंच वाटायचं. पुढची सीट म्हणजे वशिला.

माझे मामा वाळूजला टूलरूममध्ये आहेत, डायच्या, म्हणजे साच्याच्या, ट्रायलसाठी वर्षात पाच-सहा वेळा जर्मनीला जातात, एअरलाइन नेहमीच्या प्रवाशाला देते ते गोल्ड कार्ड आहे त्यांच्याकडं. त्यांना मी सरळच विचारलं की मामा तुम्हाला पुढं कसं काय बसवतात, कुणाची ओळख आहे का. ते म्हणले, "ओळख कुठली रे, नंबर असतो. अन् तो नंबर तिकीट काढलं त्याच दिवशी अर्धा लागलेला असतो."

(दृश्य: डायनिंग टेबल. तिकिटाची प्रिंट, चष्मा, एक लांब रजिस्टर.)

हे रजिस्टर मामांचं. प्रत्येक प्रवासाची एक ओळ, तारीख, फ्लाइट, सीट, आणि तारखेच्या पुढं लाल पेनानं एक इंग्रजी अक्षर. मी म्हणलं हे अक्षर कशाचं, तर त्यांनी तिकिटाची प्रिंट माझ्यापुढं सरकवली आणि कोपऱ्यात 'क्लास' लिहिलं होतं तिथं बोट ठेवलं.

आपण म्हणतो इकॉनॉमीचं तिकीट काढलं. पण एअरलाइनच्या हिशोबात इकॉनॉमी हा एक डबा नसतोच, त्याच सीटा दहा-बारा अक्षरांत वाटलेल्या असतात. वाय म्हणजे पूर्ण भाड्याची इकॉनॉमी, त्याखाली बी, एम, एच असं उतरत जातं, खालची अक्षरं प्रत्येक एअरलाइनची वेगळी. सीट तीच, जेवण तेच, पण शेजारी बसलेल्या माणसाचं अक्षर तुमच्यापेक्षा वरचं असू शकतं, म्हणजे त्यानं जास्त पैसे मोजलेले असतात आणि म्हणूनच, दोघांचं कार्ड सारखं असलं तर, अपग्रेडच्या, म्हणजे मागच्या तिकिटावर पुढच्या क्लासात बसवायच्या, रांगेत तो तुमच्या पुढं असतो. बऱ्याच एअरलाइन्स सगळ्यात स्वस्त अक्षरावर प्रवासातून जमलेले पॉइंट वापरून अपग्रेड देतच नाहीत, मग तुमच्या खात्यात लाखभर पॉइंट का असेनात. वेबसाइटवर अक्षर दिसलं नाही तर फेअर बेसिस नावाचा कोड शोधायचा, त्याचं पहिलं अक्षर बहुतेक वेळा तेच असतं. तिकीट काढायच्या आधी बघायचं. नंतर बघून काही उपयोग नाही.

मामींचं तसंच झालं होतं. गुडघा बदललाय त्यांचा, आणि मागच्या खेपेला पोरीकडं जाताना मामांनी घाईत सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं, म्हणले माझे पॉइंट पडून आहेत, हिला पुढं बसवतो. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं की या भाड्यावर अपग्रेड होत नाही. कोणती एअरलाइन ते सांगत नाही, नियम त्यांनी लिहून ठेवलेलाच होता, आम्ही वाचला नव्हता. दिल्ली ते फ्रँकफर्ट आठ-नऊ तास मामी गुडघा दुमडून बसल्या, उतरल्या तेव्हा पाय असा सुजला होता की चप्पल बसेना. त्या दिवसापासून लाल पेन.

(दृश्य: जुन्या विमानांचे फोटो, तिकिटाचे कागदी पाकीट.)

हे सगळं सुरू झालं अमेरिकेत. 1978 मध्ये तिथल्या सरकारनं भाडं आणि मार्ग ठरवायचं आपल्या हातातलं काम सोडून दिलं, एअरलाइन्समध्ये स्पर्धा लागली, आणि गिऱ्हाईक बांधून ठेवायचं कसं हा प्रश्न आला. 1979 ला टेक्सास इंटरनॅशनल नावाच्या एअरलाइननं मैल मोजून बक्षीस द्यायला सुरुवात केली, मग 1 मे 1981 ला अमेरिकन एअरलाइन्सनं ॲडव्हांटेज नावाची योजना काढली, लगेच काही दिवसांत युनायटेडनं आपली काढली. कारण साधं होतं. विमान उडालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य. भाजीवाला संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी जाता जाता हातात देतो ना, नेहमीच्या गिऱ्हाइकाला, तशी ती सीट नेहमीच्या प्रवाशाला द्यायची, खर्च फारसा नाही आणि माणूस परत आपल्याकडंच येतो.

आपल्याकडं जेट एअरवेजनं ही सवय लावली, आपल्या इथून सुद्धा जेटची विमानं उडायची. 17 एप्रिल 2019 ला जेट बंद पडलं. नंतर विस्तारा, त्यांच्या वरच्या कार्डवाल्यांना अपग्रेडची व्हाउचरं मिळायची, मामांकडं दोन होती. 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात मिसळली. एअर इंडियाची अशीच योजना फ्लाइंग रिटर्न्स, आता तिला महाराजा क्लब म्हणतात, रेड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या.

आता मोठा बदल काय झालाय ते नीट ऐका, कारण इथंच लोक फसतात. आधी किती मैल उडलात त्यावर पॉइंट मिळायचे. 2015 मध्ये अमेरिकेतल्या डेल्टा आणि युनायटेडनं आणि 2016 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं हिशोब पैशावर आणला, एअर इंडियानं 2024 मध्ये तेच केलं. म्हणजे तुम्ही किती फिरलात याला आता कमी किंमत, किती रुपये मोजलेत याला जास्त. मला हे पटत नाही. जो माणूस कंपनीच्या कामासाठी महिन्यातून चार वेळा रात्री-बेरात्री विमानतळावर झोपतो, त्याच्यापेक्षा वर्षातून एकदा महाग तिकीट काढणारा पुढं जाऊ शकतो. पण नियम तसा आहे तर तो माहीत असलेला बरा.

आणि एक गोष्ट, आपल्या इथून जी विमानं जातात त्यात इंडिगो बरीच, आणि इंडिगोच्या बहुतेक विमानांत बिझनेस क्लासच नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांनी दिल्ली-मुंबई मार्गावर स्ट्रेच नावानं पहिल्यांदा बिझनेसच्या सीटा आणल्या. पण एकाच क्लासच्या विमानात अपग्रेड मागायला पुढं काही नसतंच, पैसे भरून जास्त पाय पसरायची रांग घ्यायची, बस. खरा खेळ मुंबईहून, दिल्लीहून लांब जाणाऱ्या विमानात.

(दृश्य: बोर्डिंग गेट. स्क्रीनवर नावांची यादी.)

रांग लागते कशी. आधी कार्ड, प्लॅटिनमच्या मागं गोल्ड, गोल्डच्या मागं सिल्व्हर. दोन गोल्ड असले तर तिकिटाचं अक्षर. अक्षर पण सारखं असलं तर कुणी आधी मागितलं. थोडाफार फरक असतो, पण हाडं हीच. अमेरिकेत देशातल्या देशात वरच्या कार्डवाल्यांना फुकट अपग्रेड मिळतं, युनायटेडमध्ये वरच्या कार्डाचा नंबर 96 तास आधी उघडतो, त्याखालच्याचा 72, त्याखालच्याचा 48. आपल्याकडचे लोक तिकडचे व्हिडिओ बघतात आणि इथं तसंच मागतात. इथं तसं नाही, इथं पॉइंट लागतात, व्हाउचर लागतं, नाहीतर पैसे. आणि तिकडं पण आता ती सीट फुकट जायचं कमी होत चाललंय, कारण चेक-इन करताना मोबाइलवर विचारतात, इतके भरा आणि पुढं या. लोक भरतात.

मग बोली. तिकीट काढल्यावर काही दिवसांनी ईमेल येतो, अपग्रेडसाठी बोली लावा. मोंढ्यात हर्राशी बघितली असेल तर फरक लगेच कळतो, तिथं समोरचा किती बोलला ते कानानं ऐकू येतं, इथं सीलबंद टेंडर. स्क्रीनवर एक काटा असतो, रक्कम वाढवली की तो हिरव्याकडं जातो, पण तो काटा दुसऱ्यांनी किती लावलं ते सांगत नाही. बोली माणशी असते आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येक फ्लाइटची वेगळी. नवरा-बायकोचं तिकीट एकत्र असलं की रक्कम दुप्पट कापली जाते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. बोली लागली तरच पैसे कापतात, पण लागली की परत मिळत नाहीत. बिझनेसच्या तिकिटाला जीएसटी पण वेगळा, इकॉनॉमीला 5 टक्के आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वरच्या क्लासला 18.

खरोखर फुकट अपग्रेड पण असतं. काही प्रवासी येत नाहीत हे एअरलाइनला माहीत असतं, म्हणून सीटांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले की इकॉनॉमी ओसंडते, मग पुढच्या रिकाम्या सीटवर मागचे काही जण हलवावे लागतात, आणि ते कोण हे पण त्याच यादीवरून. कोट बघून नाही. मामा टूलरूमच्या निळ्या शर्टात दोनदा पुढं बसलेत.

उलटं पण होतं, बिझनेसचे पैसे भरले आणि मागं बसवलं. त्याला डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे, 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू. देशातल्या फ्लाइटला तिकिटाचे 75 टक्के परत, परदेशाला 1500 किलोमीटरपर्यंत 30, 3500 पर्यंत 50, त्यापुढं 75. हे पाठ करून ठेवा, मागितल्याशिवाय बऱ्याचदा कुणी सांगत नाही.

(दृश्य: दिल्ली, रात्र. व्हीलचेअरवर मामी, मांडीवर डबा.)

यंदा मामांनी दोन तिकिटं काढली, दोन वेगळ्या बुकिंगवर. मुद्दाम. एकाच पीएनआरवर दोघं असले आणि सीट एकच रिकामी असली तर बऱ्याचदा दोघंही मागंच राहतात. स्वतःचं स्वस्तातलं काढलं, मामींचं तीन अक्षरं वरचं. पॉइंट मामांचे, अपग्रेड मामींच्या नावावर, बऱ्याच प्रोग्राममध्ये घरच्या माणसासाठी असे पॉइंट वापरता येतात, नाव आधी जोडून ठेवावं लागतं. तरी सीट लगेच मिळाली नाही, वेटिंगला टाकलं.

गेटवर दोघं पाऊण तास बसले. मामा स्क्रीनकडं बघत होते, मामी म्हणत होत्या, "राहू द्या हो, मी बसते मागं, इतकं काय." मामा काही बोलले नाहीत. बोर्डिंग सुरू झालं, मामींचा पास मशिनवर ठेवला आणि मशिन वेगळंच वाजलं, मामी दचकल्या, त्यांना वाटलं काहीतरी चुकलं. गेटवरच्या पोरीनं जुना पास घेतला, नवा छापून दिला. सीट 4 ए.

मामा 36 व्या रांगेत. मधूनच एकदा पुढं जाऊन बघून आले, पडदा असतो तिथं थांबले, तिथल्या ताईनं आत डोकावून सांगितलं, झोपल्यात. शाकाहारी जेवण मागच्या सीटच्या नावावर चढलेलं होतं आणि शेवटच्या घटकेला पुढं गेलेल्यांच्या जेवणाचं असं होतं कधी कधी, तर मामींनी डबा उघडून धपाटं आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली होती आणि शेजारच्या जर्मन बाईला पण अर्धं दिलं होतं.

(दृश्य: रजिस्टर, लाल पेन.)

त्या दिवशीच्या ओळीत तारीख आहे, अक्षर आहे, 4 ए आहे. आणि शेवटच्या रकान्यात, जिथं एरवी मामा विमान किती उशिरा सुटलं ते लिहितात, तिथं लिहिलंय, चप्पल बसली.