५१२ छिद्रांचं दुकान

(दृश्य : कराड, सकाळचे सात. फ्लेक्स छपाईच्या दुकानाचं शटर अर्धं वर.)

शटर वर गेलं की आधी वास येतो. सॉल्व्हंटचा, म्हणजे शाईतल्या द्रावकाचा, नाकातून थेट डोक्यात चढणारा. म्हणून दिव्यांच्या आधी एक्झॉस्ट पंखा सुरू होतो. देवाचा फोटो बाहेर काउंटरवर आहे, उदबत्तीही तिथंच. मशीनच्या खोलीत काडी ओढायची नाही. शाईतलं सॉल्व्हंट पेट घेतं, आणि त्या खोलीत फ्लेक्सचे रोल छपरापर्यंत रचलेले आहेत.

ऑपरेटरकडे बघा. हेडमधून, म्हणजे मशीनच्या शाई सोडणाऱ्या भागातून, थोडी शाई दाबून बाहेर काढली, मऊ कापडानं टिपली आणि वीतभर फ्लेक्सवर नोझल टेस्ट मारली.

(दृश्य : अगदी जवळून. निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या रेघांच्या पायऱ्या. त्यांवरून मोबाइलचा टॉर्च सरकतो.)

एक रेघ म्हणजे एक छिद्र. या मशीनला कोनिका मिनोल्टाची ५१२आय हेडं आहेत, एकेका हेडला ५१२ नोझल. एका थेंबात शाई ३० पिकोलिटर. एका लिटरचे एक लाख कोटी भाग करा, त्यातले तीस. आज गुलाबीच्या पायऱ्यांत दोन रेघा दिसत नाहीत. तसंच छापलं तर वाढदिवसाच्या फोटोत गालावरून पट्टा जाणार. ऑपरेटर पुन्हा शाई दाबतो, पुन्हा पुसतो. तिसऱ्या टेस्टला जिना पुरा होतो, तेव्हा कुठे चहा.

मालकांचे वडील पेंटर होते. खडूच्या सुतानं रेघ मारायची, एनॅमल रंगात चपटा ब्रश बुडवायचा, आणि दुकानाची पाटी दोन दिवसांत हातावेगळी. फ्लेक्स आला तशी ती कामं आटत गेली. मुलानं मशीन घ्यायचं ठरवलं, तेव्हा विकणाऱ्यानं आधी सांगितला तो स्पीड, तासाला किती चौरस फूट. मला वाटतं, नवखा माणूस इथंच फसतो. तो आकडा कमी पासचा असतो. हेड कमी वेळा फिरवलं की काम झपाट्यानं होतं, पण जवळून बघितलं की आडव्या रेघा दिसतात. चौकातल्या वीस फूट उंचीच्या फलकाला ते चालतं, दवाखान्याच्या दारावरच्या पाटीला नाही.

मालकांनी तीनच गोष्टी विचारल्या. हेड गेलं तर नवं कुठून येणार? बसवायला कोण येणार? आणि तो माणूस किती तासांत कराडला पोचणार? पहिल्या ठिकाणी यांची धड उत्तरं मिळाली नाहीत, म्हणून ते दुसरीकडे गेले. मशीनच्या किमतीत हेडांचा वाटा मोठा, आणि ती कधीतरी जाणारच.

(दृश्य : काउंटरचा खण. रुमालात गुंडाळलेली दोन जुनी हेडं.)

ही दोन पहिल्या वर्षातली. स्वस्त मिळाली म्हणून एकदा वेगळ्याच बनावटीची शाई टाकीतल्या जुन्या शाईवर ओतली. दोन्हींचं जमलं नाही. नळ्यांत गाठी धरल्या आणि आठवडाभरात हेडं तुंबून निकामी झाली. मालकांनी ती टाकून दिली नाहीत. नवा पोरगा कामाला लागला की खण उघडून आधी ती त्याच्या हातात देतात.

दहा फुटी सॉल्व्हंट मशीन बाहेरच्या फलकांसाठी. शेजारी सहा फुटी इको-सॉल्व्हंट, म्हणजे सौम्य सॉल्व्हंटच्या शाईचं मशीन आहे. विनाइलचे स्टिकर, वन वे व्हिजन (काचेवर लावायची जाळीदार फिल्म), सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पाटीवर) चिकटवायचं बारीक काम त्यावर. यूव्ही मशीन घ्या, असा आग्रह दर वर्षी होतो. त्याची शाई दिव्याखाली जागच्या जागी सुकते, ॲक्रिलिकवर आणि टाइलवरही थेट छापता येतं. पण तसं काम इथं महिन्याला दोन-तीन वेळा येतं, ते साताऱ्याहून करून आणतात. गिऱ्हाईक बघून मशीन घ्यावं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

नफा-तोटा मात्र बराचसा रोलच्या रुंदीवर ठरतो. रोल येतात तीन, चार, पाच, सहा, आठ, दहा फुटी. सात बाय चारचा फलक चार फुटी रोलवर उभा घेतला की चिंधीही वाया जात नाही. सात बाय सात आला, तर आठ फुटी रोल लावावा लागतो. ५६ चौरस फूट खर्ची पडतो, पैसे मिळतात ४९ चे. उरलेल्या फूटभर पट्टीत ऑपरेटर शाळेच्या वर्गांच्या पाट्या बसवतो. असे सात-सात फूट रोज वाचले, तर महिन्याअखेरी शाईचं बिल जड जात नाही.

(दृश्य : दुपार. वीज जाते, यूपीएस ओरडू लागतो.)

मशीन यूपीएसवर, अर्थिंग वेगळं खोदून घेतलेलं. हेड आणि फ्लेक्स यांच्यात अंतर दोन-तीन मिलिमीटर. फ्लेक्सची कड जराशी उचलली तरी हेड घासतं. म्हणून छपाई सुरू असताना ऑपरेटर खुर्चीवर बसत नाही.

संगणकावर बसलेल्या ताईंचं दुखणं वेगळं. गिऱ्हाईक फोटो पाठवतं व्हॉट्सअ‍ॅपवरून, अंगठ्याएवढा, आणि मागतं दहा फुटांवर. "दादा, तोच फोटो डॉक्युमेंट करून पाठवा," हे वाक्य त्या दिवसातून वीसदा म्हणतात. कोरल ड्रॉमधली फाइल दुसरीकडून आली की फॉन्ट सापडत नाही आणि 'श्री'चं भलतंच काहीतरी होतं, म्हणून अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्या करूनच मागवतात. काळा रंग चारही शायांचा शंभर-शंभर टक्के धरला, तर फ्लेक्स वाळतच नाही, गुंडाळला की स्वतःलाच चिकटतो.

निवडणुकीचं काम आलं की आणखी एक ओळ लागते, मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७अ कलमानं ती सक्तीची आहे. ती ओळ काढा म्हणणाऱ्याचं काम इथं घेत नाहीत. आणि १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेव्हापासून मोठ्या मापाची ऑर्डर आली की आधी परवानगीचा कागद मागतात. फलक उभारणारे ते नाहीत. तरीही मागतात.

(दृश्य : रात्रीचे साडेअकरा. शटर अर्धं खाली. दोघे आत वाकून येतात.)

कोणीतरी गेलंय. सकाळी नऊला अंत्ययात्रा आहे, सहा बाय चारचा भावपूर्ण श्रद्धांजलीचा फलक हवा. ताई घरी गेल्यात, मालक स्वतः संगणकावर बसतात. हलकेच विचारतात, "काका, नाव एकदा सावकाश सांगा." लिहितात. मग स्क्रीन त्यांच्याकडे वळवतात. "वेलांटी पहिली की दुसरी, तेवढं बघा." थोरला पुढं होतो, बोटानं एकेक अक्षर चाचपतो, मान हलवतो. धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा.

या कामाचे ते शाई-फ्लेक्सपुरतेच पैसे घेतात.

फलक सुकेपर्यंत पंख्यासमोर टांगून ठेवतात, मग छापलेली बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळी करतात. थोरला ती दोन्ही हातांवर आडवी घेऊन बाहेर पडतो.

(दृश्य : मशीनची खोली. हेड सावकाश उजव्या टोकाला सरकतं.)

ऑपरेटर ड्रॉपरनं कॅपमध्ये, म्हणजे हेडच्या झाकणात, सॉल्व्हंटचे थेंब सोडतो, हेड त्यावर टेकवतो. रात्रभर ओलं राहिलं पाहिजे. पंखा अजून दहा मिनिटं सुरू राहील.