बिग बेनच्या टॉवरमध्ये कोंडलेला खासदार

[दृश्य: वेस्टमिन्स्टर पूल, सकाळ, गर्दी]

हा टॉवर ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड. बिग बेन. म्हणजे खरं तर बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव, टॉवरचं नाही, पण ते जाऊ द्या, सगळं जग टॉवरलाच बिग बेन म्हणतं तर आपण कशाला शहाणपणा करा. समोर बघा, पुलावर चालायला जागा नाही, जो तो फोन वर करून उभाय. या घड्याळाच्या टॉवरमध्ये एक कोठडी होती. संसदेचा अपमान करणाऱ्याला तिथे ठेवायचे. २३ जून १८८० च्या रात्री तिथे जो माणूस होता तो रीतसर मतदानातून निवडून आलेला खासदार होता, आणि त्याचं नाव चार्ल्स ब्रॅडलॉ. देव मानत नाही हे त्यानं लपवलं नाही, सगळं लफडं तिथून सुरू झालं.

[दृश्य: नॉर्थॅम्प्टन, अ‍ॅबिंग्टन स्क्वेअर, पुतळा]

लंडनहून ट्रेननं साधारण तासाभरावर नॉर्थॅम्प्टन. जोडे बनवणाऱ्यांचं गाव, इथल्या फुटबॉल टीमला आजही 'कॉबलर्स' म्हणतात. हा पुतळा भर रस्त्यात, चारी बाजूंनी गाड्या, आमच्या कॅमेरावाल्याला तीनदा सिग्नल चुकवून पलीकडे पळावं लागलं. भाजलेल्या मातीचा आहे, टेराकोटा, १८९४ सालचा. हात पुढे, बोट रोखलेलं. समोरच्या माणसाला 'तूच' म्हणतोय असं वाटतं, आणि तो जिवंत असताना असाच बोलायचा म्हणतात, दणदणीत आवाज, सहा फुटांच्या वर उंची, वाद घालायची प्रचंड हौस. सरळ सांगायचं तर आपल्या शेजारी राहायला आला असता तर आपल्याला झेपला नसता.

१८६८ ला इथून उभा राहिला, पडला. १८७४ मध्ये दोनदा पडला. १८८० ला आला. चांभारकाम करणाऱ्या, कारखान्यात टाके घालणाऱ्या लोकांनी निवडून दिला.

[दृश्य: पूर्व लंडन, हॉक्स्टनच्या गल्ल्या]

जन्म इथला, १८३३. वडील वकिलाच्या ऑफिसात कारकून. पोरगा हुशार, एवढा की चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवायला लावला. मग बिशप येणार म्हणून पाद्रीसाहेबांनी सांगितलं की बाबा, दृढीकरणाच्या, म्हणजे आपली ख्रिस्ती श्रद्धा पक्की आहे हे जाहीर करायच्या, विधीची तयारी कर, पोरांसमोर नीट उत्तरं दे. पोरानं तयारी केली, म्हणजे जरा जास्तच केली, चर्च ऑफ इंग्लंडची श्रद्धेची एकोणचाळीस कलमं एकीकडे आणि शुभवर्तमानं, म्हणजे बायबलच्या नव्या करारातली येशूची चरित्रं, दुसरीकडे ठेवून ताळा घ्यायला बसला. ताळा जमेना. तर त्यानं पाद्रीलाच पत्र लिहिलं, की हे इथे जुळत नाही, जरा समजावून सांगता का. म्हणजे अजून नास्तिक-बिस्तिक काही नव्हता हो, शंका विचारत होता. उत्तर आलंच नाही. पाद्रीनं वडिलांना कळवलं की तुमचा मुलगा नास्तिक झालाय, आणि संडे स्कूलमधून तीन महिने काढून टाकला. पुढे प्रकरण इतकं तापलं की सोळाच्या आसपासचं पोरगं घराबाहेर पडलं.

पोटासाठी कोळसा विकायला लागला. गिऱ्हाइकं थोडी, त्यात सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक बेकरीवाला, भट्टीला कोळसा लागायचाच. एक दिवस बेकरीवाल्याच्या बायकोच्या कानावर आलं की हा पोरगा देव मानत नाही. ती म्हणाली, तुझा कोळसा नको, आमच्या पावाला गंधकाचा वास येईल. गंधक म्हणजे नरकातल्या आगीचा वास, तिकडची समजूत तशी. ही गोष्ट ब्रॅडलॉनं स्वतःच पुढे सांगितलेली आहे. कोळसा तोच, वजन तेच, पाव कालपर्यंत चांगला लागत होता.

[दृश्य: कॉमन्स सभागृहाबाहेरचा दगडी कॉरिडॉर]

आता मुख्य गोष्ट, आणि ही जरा नीट ऐका कारण इथेच सगळी गोम आहे.

पार्लमेंटमध्ये बसायचं तर शपथ घ्यावी लागायची, देवाला साक्षी ठेवून. ३ मे १८८० ला ब्रॅडलॉ गेला आणि म्हणाला, मला शपथेऐवजी साधी प्रतिज्ञा करू द्या, मी राणीशी एकनिष्ठ राहीन असं माझ्या शब्दावर सांगतो. नवीन काही मागत नव्हता. क्वेकर नावाचा ख्रिस्ती पंथ आहे, ते लोक शपथच घेत नाहीत, का तर बायबलमध्येच येशू सांगतो की शपथ वाहू नका, तुमचं हो ते हो आणि नाही ते नाही असू द्या. या क्वेकरांना १८३३ पासून प्रतिज्ञा करून संसदेत बसता येत होतं. जॉन ब्राइट क्वेकर होता आणि १८८० मध्ये तर मंत्रिमंडळात होता. ज्यूंसाठी १८५८ ला वाट काढली. म्हणजे बघा, ख्रिस्ती माणूस म्हणाला मला शपथ नको, तर ती त्याची सदसद्विवेकबुद्धी, वा वा, केवढा तत्त्वाचा माणूस. नास्तिक माणूस तेच वाक्य म्हणाला की तो देवाचा, राणीचा, सभागृहाचा सगळ्यांचा अपमान.

कमिटी बसली. एका मतानं निकाल विरुद्ध गेला, तेसुद्धा अध्यक्षाच्या मतानं.

मग हा म्हणाला ठीक आहे, शपथ घेतो. आता इथे मला पण तो थोडा चुकला असं वाटतं, कारण शपथ घेतो म्हणताना त्यानं पेपरात पत्र छापलं की या शब्दांना माझ्या लेखी काही अर्थ नाही पण कायदा म्हणतो तर उच्चारतो. गप्प बसून उच्चारले असते तर? झालंच असतं काम. विरोधकांनी लगेच उचललं, हा तर ढोंगी, याला शपथ घेऊ देणंच पाप. पण मुद्दा तोच ना, की तोंड बंद ठेवून खोटी शपथ घेणाऱ्याला दार उघडं होतं. त्याच नॉर्थॅम्प्टनचा दुसरा खासदार हेन्री लॅबूशेर, धर्माशी याचं फारसं देणंघेणं नव्हतं, थट्टेखोर माणूस, तो गंमतीनं स्वतःला 'नॉर्थॅम्प्टनचा ख्रिस्ती खासदार' म्हणवून घ्यायचा. त्याला कोणी अडवलं नाही. शपथ घेतली, जाऊन बसला.

हे फक्त संसदेत होतं असं नाही. १८६१ ला रॉचडेल गावची एक बाई स्वतःचा दावा घेऊन कोर्टात गेली, साक्षीला उभी राहिली, तर समोरच्या वकिलानं विचारलं, देव मानतेस का, मेल्यानंतर काही शिक्षा असते असं मानतेस का. ती नाही म्हणाली. साक्ष रद्द, दावा बाद. खोटं बोलून हो म्हणाली असती तर चाललं असतं. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनं त्याच्या दोन वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं की हा नियम खोटारड्या नास्तिकाला आत घेतो आणि खऱ्याला बाहेर काढतो.

आणि गंमत ऐका. आपल्याकडे, म्हणजे इंग्रजांच्याच राज्यातल्या हिंदुस्थानात, १८७३ च्या शपथ कायद्यात सरळ लिहिलं होतं की साक्षीदार हिंदू किंवा मुसलमान असेल, किंवा त्याला शपथ घ्यायला हरकत असेल, तर प्रतिज्ञा करा. म्हणजे ब्रॅडलॉ रत्नागिरीच्या कोर्टात आंब्याच्या कलमांच्या भांडणात साक्ष द्यायला उभा राहिला असता तर त्याचा शब्द चालला असता. लंडनच्या संसदेत चालेना.

[दृश्य: पुन्हा टॉवर, खालून वर]

तर २३ जून. सभागृहानं सांगितलं बाहेर जा. हा जाईना. म्हणून टॉवर. दुसऱ्या दिवशी सोडला, कारण ठेवून करायचं काय हे कोणालाच माहीत नव्हतं. जुलैत प्रतिज्ञेवर बसू दिला पण तुझ्या जबाबदारीवर बस असं सांगून, मग लगेच कोर्टात दावा, प्रत्येक मतदानामागे पाचशे पौंड दंडाचा. मार्च १८८१ मध्ये जागा गेली. पोटनिवडणूक. परत आला. परत अडवला.

[दृश्य: वेस्टमिन्स्टर हॉलचा दरवाजा, फरसबंदी अंगण]

३ ऑगस्ट १८८१. ही जागा नीट बघून घ्या. बाहेर नॉर्थॅम्प्टनहून, कुठकुठून आलेले लोक जमलेले, हातात अर्ज. ब्रॅडलॉ आत शिरायला गेला आणि दारावरचे कर्मचारी आणि पोलीस त्याच्यावर पडले. एवढा दांडगा माणूस, त्याला ओढत, ढकलत, जिन्यावरून खाली आणून अंगणात टाकला. कोट फाटला. चेहरा पांढराफटक. जमलेल्या लोकांना इशारा केला असता तर दंगल झाली असती, त्यानं केला नाही. कडेला उभा राहून श्वास घेत होता. याच दगडांवर.

[दृश्य: सभागृहाचं जुनं रेखाचित्र, मधलं टेबल]

आणि मग फेब्रुवारी १८८२, २१ तारीख, माझा सगळ्यात आवडता प्रसंग. सभागृह भरलेलं. हा उठतो, तरातरा मधल्या टेबलाकडे चालत जातो, खिशातून कागद काढतो, दुसऱ्या खिशातून नवा करार काढतो, स्वतःच स्वतःला शपथ देतो, पुस्तकाला ओठ लावतो, सही करतो आणि झाली शपथ म्हणून जाऊन बसतो. सगळे आ वासून बघतायत. ज्या पुस्तकातलं काही जुळत नाही म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी घर सुटलं, तेच पुस्तक स्वतःच्या खिशातून आणलेलं. दुसऱ्या दिवशी हकालपट्टी. मार्चमध्ये पुन्हा निवडणूक, पुन्हा आला.

नॉर्थॅम्प्टनच्या लोकांची कमाल वाटते. १८८०, ८१, ८२, ८४, ८५, पाच वेळा त्याच माणसाला पाठवलं. यातले सगळे काही नास्तिक नव्हते, चॅपलमध्ये प्रार्थनेला जाणारे भरपूर होते, पण आमचा खासदार आम्ही ठरवणार एवढं त्यांचं म्हणणं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १८८३ ला पंतप्रधान ग्लॅडस्टननं प्रतिज्ञेचं विधेयक आणलं, आणि ग्लॅडस्टन म्हणजे कट्टर ख्रिस्ती, रोज प्रार्थना करणारा माणूस, त्यानं उभं राहून नास्तिकाच्या हक्कासाठी भाषण केलं. ब्रॅडलॉचे विचार त्याला अजिबात पसंत नव्हते तरी. तिकडे कॅथलिक कार्डिनल मॅनिंग विधेयकाच्या विरोधात. मतदान झालं, २८९ विरुद्ध २९२. तीन मतांनी पडलं.

जानेवारी १८८६ मध्ये नवीन संसद भरली, तेव्हा सभापती आर्थर पील म्हणाले, निवडून आलेल्या माणसाच्या शपथेत कोणी मध्ये पडायचं नाही. घेतली शपथ, संपलं. साडेपाच वर्षं. १८८८ ला ब्रॅडलॉनंच कायदा करून घेतला, कोणालाही प्रतिज्ञेचा पर्याय, संसदेत आणि कोर्टात दोन्हीकडे. आपल्याकडे आमदार शपथ घेताना कोणी 'ईश्वरसाक्ष' म्हणतं आणि कोणी 'गांभीर्यपूर्वक' म्हणतं, ते त्याच वळणाचं.

मुंबईचं शूटिंग आमच्याकडून राहिलं, बजेटच संपलं, म्हणून नुसतं सांगतो. १८८९ च्या डिसेंबरात हा माणूस मुंबईत आला होता, काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनाला. मोठ्या दुखण्यातून उठलेला. प्रतिनिधी किती होते, तर १८८९ सालात बरोब्बर १८८९. हिंदुस्थानचे प्रश्न संसदेत इतके मांडायचा की त्याला 'मेंबर फॉर इंडिया' म्हणायचे. तेव्हा पुण्यात आगरकरांचं 'सुधारक' निघून वर्ष झालं होतं, आणि आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली होती हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा इंग्रजांना एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

[दृश्य: ब्रुकवुड स्टेशन, सरे परगणा, मग दफनभूमीचा रस्ता]

शेवटचं लोकेशन. ब्रुकवुड. लंडनच्या वॉटर्लूहून इथे मृतदेह आणायला खास रेल्वे होती, आणि तिच्यात चर्च ऑफ इंग्लंडवाल्यांचे डबे वेगळे, बाकीच्यांचे वेगळे, उतरायची स्टेशनंही दोन. मेल्यावरसुद्धा.

१८९१ च्या फेब्रुवारीत ब्रॅडलॉला इथे आणलं. आलेल्या लोकांत लंडनमधले हिंदुस्थानी लोक बरेच होते, आणि त्यात एकवीस वर्षांचा एक कायद्याचा विद्यार्थी, मोहनदास गांधी. आत्मकथेत त्यांनी लिहिलंय की परतताना गाडीची वाट बघत असताना एका नास्तिकानं एका पाद्रीला पकडलं, देव मानता ना, मग सांगा तुमचा देव केवढा मोठा आणि राहतो कुठे. पाद्री शांतपणे म्हणाला, आपल्या दोघांच्या हृदयात राहतो. गांधीजी म्हणतात, नास्तिकपणाबद्दलची माझी नावड त्या प्रसंगानं वाढली. नास्तिक वागला वाईटच, अंत्यविधीच्या दिवशी असं कोणी डिवचतं का. पण संडे स्कूलमधल्या त्या पाद्रीमुळे ख्रिस्ती धर्म नावडता झाला असं कोणी म्हटलं तर आपण लगेच म्हणतो, अहो एका माणसावरून धर्म कसा ठरवता.

[दृश्य: कबर, गवत, वारा]

२७ जानेवारी १८९१ ला कॉमन्सनं, म्हणजे संसदेच्या त्याच सभागृहानं, ठराव केला की १८८० मध्ये याला अडवणारा जो ठराव केला होता तो आमच्या दप्तरातून काढून टाका. त्या दिवशी ब्रॅडलॉ घरी अंथरुणावर होता, शुद्ध जात येत होती. ३० तारखेला गेला. ठराव झाल्याचं त्याला कळलंच नाही.

[इथून पुढे निवेदन नाही. वाऱ्याचा आवाज, चाळीस सेकंद.]