हप्ता थकला, पैसे कोणाचे?

(दृश्य : टेबलावर तपकिरी पाकीट, पाठीला पोचपावतीचं कार्ड चिकटवलेलं.)

बिल्डर करार रद्द करतो तेव्हा सुरुवात अशा पाकिटाने होते. निदान व्हायला हवी.

महाराष्ट्रात २०१७ च्या रेरा (बिल्डर आणि घरखरेदीदार यांच्यासाठीचा कायदा) नियमांसोबत फ्लॅटच्या कराराचा एक नमुना आला. त्यात बिल्डरला करार मोडायची मुभा आहे, पण एखादा हप्ता हुकला म्हणून नाही. हप्ते तीनदा थकायला हवेत. मग पंधरा दिवसांची लेखी नोटीस. रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलवरही. कोणती अट मोडली, ते त्यात लिहिलेलं हवं. त्या पंधरा दिवसांत चूक दुरुस्त केली, तर करार शाबूत.

आणि हप्ता थकला हे ठरवायचं कशावरून? हप्ते बांधकामाला बांधलेले असतात. करारानंतर एकूण किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंत, प्लिंथ म्हणजे जोतं झाल्यावर ४५ पर्यंत, सगळे स्लॅब पडल्यावर ७० पर्यंत. म्हणून डिमांड लेटर आलं की आधी साइटवर जावं आणि मान वर करून स्लॅब मोजावेत. पडलाच नाही त्या स्लॅबची थकबाकी कसली?

(दृश्य : जुन्या दिल्लीचे कृष्णधवल फोटो.)

आता पैशांचं. करार गेला म्हणजे भरलेले पैसेही गेले का?

मार्च १९४९. दिल्लीतल्या अलीपूर रोडवरच्या एका बंगल्याचा सौदा झाला, १,१२,५०० रुपयांना. खरेदीदाराने हजार रुपये इसार (सौदा पक्का करायची रक्कम) दिला, ताबा घेताना आणखी २४ हजार. बाकीची रक्कम मुदतीत आली नाही. करारात लिहिलं होतं की अशा वेळी पंचवीसच्या पंचवीस हजार जप्त. विकणाऱ्याने तेच केलं.

भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९६३ साली निकाल लागला : हजार रुपये इसाराचे, ते विकणाऱ्याने ठेवून घ्यावेत. चोवीस हजार हा किमतीचा भाग. कागदावर ‘जप्त’ लिहिलं म्हणून तो त्याचा होत नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाई देतं, आणि इथे नुकसान झाल्याचं दिसत नव्हतं. बंगला वापरल्याचे पैसे खरेदीदाराला मोजावे लागलेच, आणि तेही रास्तच.

इसार आणि हप्ता यांतली ही रेघ आजही कामी येते. गुरुग्रामच्या एका प्रकल्पात भाव पडले म्हणून खरेदीदारानेच माघार घेतली. ५१ लाखांवर भरले होते. करारात मूळ किमतीच्या २० टक्के कापायची अट. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १० टक्क्यांवर थांबायला सांगितलं. करार एकतर्फी आहे, असंही म्हटलं. दहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. तिथे ते १७ लाख झाले.

(दृश्य : कराराची पानं उलटणारा हात.)

आपल्या महाराष्ट्राच्या नमुन्यात, करार रद्द झाल्यावर तीस दिवसांत पैसे परत करायचे आहेत, ‘ठरलेली’ नुकसानभरपाई वजा करून. किती ठरली? तो आकडा करारातच कुठेतरी असतो. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत फोटो काढून, अंगठा टेकवून बाहेर पडेपर्यंत ते पान बहुतेकांनी न वाचताच उलटलेलं असतं.